राणीने गाव आचार्यांना दिलं, मग तिथे हुकूम कुणाचा? वाकाटकांच्या ताम्रपटांत दडलेला विदर्भाचा कारभार

हुडकेश्वरला प्लॉट घेतला की खरेदीखतात चतुःसीमा लिहावीच लागते. पूर्वेला अमुक नंबरचा प्लॉट, पश्चिमेला रस्ता, उत्तरेला तमुक यांची जागा, दक्षिणेला लेआउटची हद्द. रजिस्ट्री ऑफिसात बसलेल्या बहुतेकांना वाटतं की ही पद्धत इंग्रजांनी आणली. ती त्यांच्या कितीतरी आधीची आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवर, रामटेकजवळच्या नगरधनला सोळाशे वर्षांपूर्वी एका राणीची राजधानी होती. तिने एक गाव दान दिलं तेव्हाही कागदावर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर, चारही बाजूंची गावं नावानिशी लिहून घेतली होती.

राणी होती प्रभावतीगुप्ता, राजधानी होती नंदिवर्धन आणि दिलेलं गाव होतं दंगुण. पश्चिमेला विलवणक, उत्तरेला शीर्षग्राम, पूर्वेला कदापिंजन, दक्षिणेला सिदिविवरक. हे गाव सुप्रतिष्ठ नावाच्या 'आहारा'त होतं. आहार म्हणजे आजच्या तालुक्यासारखा भाग. नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दंगुण म्हणजे आजचं हिंगणघाट असावं असं मांडलं. घेणारे होते भगवंताचे भक्त असलेले आचार्य चनालस्वामी. दिवस होता कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे आपण ज्या एकादशीला देव उठले म्हणतो तिच्या दुसऱ्या दिवशीचा.

दान दिलं, पुण्य मिळालं, विषय संपला असं इथे होत नाही. एक आख्खं गाव धर्माच्या माणसाच्या हातात गेलं, तर तिथला कर कोण गोळा करणार? शिपाई गावात येणार की नाही? भांडण झालं तर कुणाकडे जायचं? आणि त्या आचार्यांनीच उद्या राजाविरुद्ध कट केला तर? सोशल मीडियावर या विषयावर दोनच पोस्ट फिरतात. एका पोस्टनुसार राजांनी सगळी जमीन ब्राह्मणांना फुकट वाटली. दुसरीनुसार ते सगळं निव्वळ पवित्र दान होतं. ताम्रपट वाचले की दोन्ही पोस्ट अर्धवट वाटतात.

आधी वाकाटक कोण ते पाहू

साधारण इसवी सनाचं तिसरं ते पाचवं शतक हा वाकाटकांचा काळ. त्यांच्या दोन शाखा होत्या. एक नंदिवर्धनची, म्हणजे नागपूर भागातली. दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशीमची. नंदिवर्धनच्या दुसऱ्या रुद्रसेनाचं लग्न गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या मुलीशी झालं. हीच प्रभावतीगुप्ता. नवरा लवकर गेला, मुलगा दिवाकरसेन लहान होता, म्हणून तिने राज्य चालवलं. वर सांगितलेला ताम्रपट तिच्या कारभाराच्या १३व्या वर्षातला आहे. म्हणजे तोवर तेरा वर्षं सूत्रं तिच्याच हातात होती. या लेखात ती वंशावळही सासरची देत नाही. माहेरची, गुप्तांची देते.

गंमत म्हणजे नागपूर-वर्धा पट्ट्यातला हा ताम्रपट उजेडात आला पुण्यात, एका तांबट कुटुंबाकडे. म्हणून अभ्यासक त्याला 'पुणे ताम्रपट' म्हणतात. नावावरून पुण्याच्या इतिहासाशी त्याचा संबंध जोडणारे आजही भेटतात. पुण्याचा त्यात सांभाळण्यापलीकडे काही वाटा नाही.

पुढे तिचा दुसरा मुलगा प्रवरसेन गादीवर आला. याच्या काळातले ताम्रपट सगळ्यात जास्त सापडले आहेत. मध्य प्रदेशात सिवनी, तिरोडी, पट्टण. महाराष्ट्रात चम्मक, जांब, बेलोरा. नागपूर जिल्ह्यात कुही तालुक्यातलं मांढळसुद्धा या यादीत येतं. मिराशींनी यातले बहुतेक लेख वाचून १९६३ साली एका जाडजूड खंडात छापले. विदर्भाच्या या काळावर बोलणारा प्रत्येक जण आजही त्या खंडापाशी येतोच.

ताम्रपट कुणाला उद्देशून लिहिलाय?

इथे बहुतेकांची गफलत होते. ताम्रपट म्हणजे दान घेणाऱ्याला दिलेलं प्रमाणपत्र, असं आपण धरून चालतो. एका अर्थी ते आहेच, कारण पत्रे त्याच्याच घरात राहायचे. पण आतला मजकूर त्याच्याशी बोलत नाही. तो तिसऱ्याच लोकांना दिलेला हुकूम आहे.

पुणे ताम्रपटात राणी आधी दंगुण गावातल्या ब्राह्मणांची आणि 'ग्रामकुटुंबीं'ची खुशाली विचारते आणि मग आज्ञा सांगते. कुटुंबी म्हणजे स्वतःचं घर-शेत असलेला गावकरी. आपला 'कुणबी' हा शब्द याच 'कुटुंबिन्' शब्दापासून आला असं भाषेचे बहुतेक अभ्यासक मानतात. (कृपया हे वाक्य कापून आरक्षणाच्या वादात कुणाच्या तोंडावर फेकू नका. पाचव्या शतकातला कुटुंबी ही जात नव्हती, गावातली ऐपत होती.) गाव देताना आधी गावाला सांगावं लागत होतं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रवरसेनाच्या लेखांत हुकूम आणखी मोठ्या साखळीला जातो. सगळ्यात वर 'सर्वाध्यक्ष', म्हणजे खात्यांवर देखरेख करणारा मुख्य अधिकारी. त्याच्या आज्ञेने नेमलेले 'कुलपुत्र'. हा शब्द महत्त्वाचा आहे. कुलपुत्र म्हणजे चांगल्या घराण्यातला तरुण, सरदारपुत्र म्हणा हवं तर. राजाचे हुकूम गावोगाव पोचवणं, ते अमलात येतात का ते पाहणं, हे काम अशा घराण्यांतल्या मुलांकडे होतं. त्यांच्या खाली 'भट' आणि 'छत्र'. हे भट म्हणजे पूजा सांगणारे भटजी नव्हेत. भट म्हणजे शिपाई. छत्र म्हणजे पोलिसी बंदोबस्ताची माणसं, असा अर्थ अभ्यासक लावतात.

या सगळ्यांना उद्देशून राजा सांगतो की हे गाव आता अमक्याला दिलंय, तुम्ही तिथे काय काय करायचं नाही ते ऐका.

'करायचं नाही' ही यादी

माझ्या मते ताम्रपटातला सगळ्यात वाचनीय भाग हाच. एरवी राजवंशाच्या स्तुतीत जे कळत नाही ते या कोरड्या यादीत कळतं. कारण माफी कशाची दिली यावरून एरवी काय वसूल व्हायचं ते दिसतं.

यादी साधारण अशी असते. भट-छत्रांनी गावात शिरायचं नाही. गावाकडून पाळीपाळीने गायी-बैल मागायचे नाहीत. फुलं आणि दूध घ्यायचं नाही. चारा, बसायला आसनं, कातडी, कोळसा मागायचा नाही. मीठ आणि आंबवलेले द्रव, बहुधा दारू, यांच्या खरेदीवरचा राजाचा हक्क इथे नाही, खणून काढायच्या गोष्टींवरचाही नाही. कुठल्याही प्रकारची 'विष्टी', म्हणजे वेठबिगार, नाही. जमिनीत पुरलेलं धन आणि ठेवी सापडल्या तर त्याही गावाबरोबर दिल्या.

आता हीच यादी उलटी वाचा. दान न दिलेल्या साध्या गावात काय चालायचं? शिपाई यायचे. आले की बसायला आसन, बैलांना चारा, शेकोटीला कोळसा, प्यायला दूध. अधिकाऱ्याचा मुक्काम गावाच्या खर्चाने. गाडीला जुंपायला बैल हवेत? या वाड्यातून आज, त्या वाड्यातून उद्या. रस्ता, खंदक, ओझी वाहणं याला माणसं फुकट. वेठबिगार हा शब्द आपण पेशवाई-निजामाशी जोडतो, पण त्याची सरकारी नोंद विदर्भात पाचव्या शतकातच सापडते.

मात्र माफी दिल्याने गावकरी मोकळे झाले असं नाही. राजाचा शिपाई दारातून हटला, पण दूध, बैल आणि मेहनत यांवर आता दान घेणाऱ्याचा हक्क आला. त्याने तो किती सोडला, किती वसूल केला, ते तांब्यावर कोरलेलं नाही.

भाषेचीही एक गोष्ट. वाशीमला १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. तो चौथ्या शतकातला, राजाच्या ३७व्या वर्षातला. नांदेडकडच्या भागातलं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचा. त्यात राजवंशाचा भाग संस्कृतात आहे आणि कामाचा भाग, म्हणजे माफीची यादी वगैरे, प्राकृतात. भारदस्तपणा एका भाषेत, व्यवहार दुसऱ्या भाषेत. आपल्या कोर्टात इंग्रजी निकाल आणि तलाठ्याकडे मराठी सातबारा, तसंच काहीसं. पुढच्या लेखांत हा प्राकृत भाग गळून गेला आणि सगळंच संस्कृत झालं.

चम्मक: हजार ब्राह्मण आणि एक धमकी

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. जुनं नाव चर्मांक. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं. भोजकट म्हणजे भातकुली, असं मिराशी मानतात. प्रवरसेनाने आपल्या १८व्या वर्षी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला हे गाव दान दिलं. राजाच्या मापाने ८००० भूमी, एक हजार ब्राह्मणांना. हिशेब सोपा आहे, माणशी आठ भूमी. ताम्रपटात प्रत्यक्ष नावं मात्र ४९ जणांचीच आहेत, गोत्रांसह.

हे दान राजाने स्वतःच्या मनाने दिलेलं नाही. शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून दिलं. नावामागे 'राज' लावणारा हा माणूस त्या भागातला मोठा सरदार असणार. म्हणजे क्रम असा. स्थानिक सरदाराने मागणी केली, राजाने शासन काढलं, धर्माच्या लोकांना जमीन मिळाली. तिघांचाही यात फायदा होता. सरदाराचं वजन वाढलं, राजाचा हुकूम त्या कोपऱ्यापर्यंत पोचल्याचं दिसलं आणि ब्राह्मणांना उपजीविका मिळाली.

पण चम्मकचा ताम्रपट अभ्यासकांच्या तोंडी असतो तो त्याच्या अटींमुळे. हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालेल, पण कधी? ब्राह्मणांनी सप्तांग राज्याशी द्रोह केला नाही तर. (राजा, मंत्री, प्रदेश, किल्ला, खजिना, सैन्य, मित्र ही राज्याची सात अंगं.) ते ब्रह्महत्या करणारे, चोर, व्यभिचारी, राजाला अपाय करणारे नसतील तर. त्यांनी लढाया केल्या नाहीत तर. शेजारच्या गावांना त्रास दिला नाही तर. यातलं काहीही त्यांनी केलं, किंवा दुसऱ्याने केलेल्याला नुसती संमती दिली, तरी राजा जमीन काढून घेईल आणि ती चोरी ठरणार नाही.

शेवटचा मुद्दा कायद्याच्या भाषेत फार हुशार आहे. दिलेलं दान परत घेणं हे धर्मशास्त्राप्रमाणे महापाप. बहुतेक ताम्रपटांच्या शेवटी दान हिरावणाऱ्याला नरकाची भीती घातलेली असते. इथे राजा आधीच लिहून ठेवतो की या परिस्थितीत मी घेतलं तर ते पाप नाही.

आता सांगा, पूजापाठ करणाऱ्या गरीब ब्राह्मणांना कुणी 'लढाई करू नका' अशी अट घालेल का? हजार कुटुंबं एका जागी वसवली की ती एक ताकद होते. तिच्याकडे जमीन आहे, शिपायांना तिथे प्रवेश नाही, वर स्थानिक सरदाराचा हात आहे. अशी वस्ती उद्या कुणाच्या बाजूने उभी राहील याची राजाला चिंता होती. चम्मकची अट ही त्या चिंतेची लेखी नोंद आहे.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न, उत्तर मात्र वेगळं

याच सुमारास, पाचव्या शतकात, अँग्लो-सॅक्सन टोळ्या इंग्लंडमध्ये उतरत होत्या. ५९७ साली तिथे रोमहून ख्रिस्ती धर्मप्रचारक आले आणि हळूहळू राजे चर्चला सनदांनी जमिनी देऊ लागले. त्या सनदा आपल्या ताम्रपटांशेजारी ठेवल्या तर साम्य चकित करतं. तिथेही मुख्य मजकूर भारदस्त लॅटिनमध्ये आणि जमिनीच्या सीमा बहुतेकदा लोकांच्या जुन्या इंग्रजीत. सनद मोडणाऱ्याला तिथेही नरकाची भीती. दोघांनी एकमेकांचं पाहून केलं असं नाही. अडचण सारखी होती, म्हणून कागद सारखा झाला.

दुरुपयोगही सारखाच. ७३४ साली बीड नावाच्या विद्वान भिक्षूने यॉर्कचा बिशप एकबर्ट याला एक पत्र लिहिलं. त्यात त्याची तक्रार होती की सरदार लोक मठ काढतो म्हणून राजाकडून जमिनी लिहून घेतात, राजाच्या सेवेतून सुटतात, जमीन वंशपरंपरा करून टाकतात आणि मठात ना प्रार्थना ना शिस्त. त्याची खरी काळजी पुढची होती. अशा नावापुरत्या मठांत जमीन अडकली की तरुण योद्ध्यांना द्यायला जमीन उरत नाही आणि मग देश राखणार कोण?

आठव्या शतकापासून तिथल्या राजांनी यावर एक उपाय काढला. सगळे कर माफ, पण तीन गोष्टी माफ नाहीत. सैन्यात माणसं देणं, पूल बांधणं आणि किल्ला दुरुस्त करणं. जमीन चर्चची असली तरी ही तीन कामं करावीच लागत. प्रवरसेनाने दुसरी वाट धरली होती. त्याने वेठबिगार सगळीच माफ केली, पण निष्ठेची अट घातली आणि जमीन परत घेण्याचा हक्क राखून ठेवला.

मोठा फरक यापुढे आहे. इंग्लंडमध्ये धर्माधिकाऱ्याला कारभाराच्या बाहेर ठेवलं नाही, सरळ आत बसवलं. तिथे जिल्ह्याला 'शायर' म्हणत आणि राजाच्या वतीने तिथला मोठा सरदार 'एल्डरमन' असे. राजा एडगर याच्या काळात, म्हणजे ९५९ ते ९७५ मध्ये, कायदाच झाला की शायरची सभा वर्षातून दोनदा भरेल आणि तिथे बिशप आणि एल्डरमन दोघेही हजर राहतील. एकाने देवाचा कायदा सांगायचा, दुसऱ्याने लोकांचा. जिल्हा न्यायालयात एका खुर्चीवर कलेक्टर आणि शेजारच्या खुर्चीवर मठाधिपती, असं डोळ्यांसमोर आणा. राजाच्या सनदांवर साक्षीदार म्हणून बिशपांची आणि एल्डरमनांची नावं एकाखाली एक येतात. वुस्टरचा बिशप ऑस्वल्ड तर चर्चची जमीन 'थेन' म्हणजे लहान सरदारांना तीन पिढ्यांच्या बोलीने द्यायचा आणि बदल्यात सेवा घ्यायचा. त्याचे असे सत्तरच्या वर भाडेकरार आजही उपलब्ध आहेत. बिशप स्वतःच एक जमीनदार सरकार झाला होता.

विदर्भात असं झालं नाही. वर सांगितलेल्या ताम्रपटांत दान घेणारा आचार्य किंवा ब्राह्मण अधिकारी म्हणून कुठे दिसत नाही. साक्षीदार म्हणूनही नाही. लेखाच्या शेवटी नाव येतं ते सेनापतीचं. चम्मकला चित्रवर्मा, सिवनीला बाप्पदेव, पट्टणला कात्यायन. यातही एक मजेशीर गोष्ट आहे. चम्मक आणि सिवनी हे दोन्ही लेख प्रवरसेनाच्या १८व्याच वर्षातले आहेत, पण सेनापती वेगळे. म्हणजे एकतर मधल्या काळात बदली झाली, किंवा वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे सेनापती होते. दुसरी शक्यता मला जास्त पटते, कारण चम्मक अमरावतीकडे आणि सिवनी सातपुड्याच्या पठारावर. काहीही असलं तरी दानपत्रावर शेवटचं नाव सैन्यातल्या माणसाचं आहे, धर्मगुरूचं नाही.

थोडक्यात फरक असा की इंग्लंडच्या राजाने बिशपला सरदाराशेजारी बसवून कामाला लावलं, तर वाकाटक राजाने सरदारपुत्रांना सांगितलं की या गावाच्या वेशीबाहेर थांबा, आणि आतल्यांना सांगितलं की गडबड केलीत तर हेच लोक पुन्हा आत येतील.

(पट्टणच्या लेखाबद्दल जाता जाता. त्यातलं दान एका अन्नसत्रासाठी आहे आणि लेख लिहिणाऱ्याचं नाव आहे कालिदास! 'मेघदूतकाराचं हस्ताक्षर सापडलं' असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. कालिदास हे तेव्हाही एकट्या कवीचं नाव नव्हतं.)

अजिंठ्यात सरदार आणि भिक्षू

ब्राह्मणांची दानं सोडून वाशीमच्या शाखेकडे वळलं की चित्र बदलतं. तिथे धर्म आणि सरदारकी यांची गाठ सगळ्यांना माहीत असलेल्या ठिकाणी पडते, अजिंठ्यात.

सोळा नंबरची लेणी राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरवून बौद्ध संघाला दिली. त्याचा शिलालेख तिथे आहे. त्यात वराहदेवाचे वडील हस्तिभोज हे हरिषेणाच्या वडिलांचे, म्हणजे देवसेनाचे मंत्री होते असं येतं. देवसेनाने राज्याचा भार हस्तिभोजावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात राहिला, असंही त्यात सांगितलंय. मंत्र्याच्या मुलाने जुन्या राजाबद्दल दगडावर असं कोरवावं, यावरून या घराण्याचं वजन कळतं. जवळच घटोत्कच लेणी आहे. तिथल्या लेखात घराण्याची वंशावळ आहे. मूळ वल्लूरचे ब्राह्मण, पिढ्यान्‌पिढ्या राजांच्या सेवेत. म्हणजे जन्माने ब्राह्मण, पेशाने मंत्री आणि दान बौद्ध भिक्षूंना. आजचे कप्पे त्यांच्यावर लावायला गेलो की एकही नीट बसत नाही.

इंग्लिश बिशपच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूसही अजिंठ्यातच भेटतो. २६ नंबरच्या लेणीत, जिथे महापरिनिर्वाणाची ती भव्य आडवी मूर्ती आहे. ही लेणी बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवली. शिलालेखात तो सांगतो की अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्याशी त्याचं जन्मोजन्मीचं मैत्र होतं. भव्विराजानंतर त्याचा मुलगा देवराज मंत्री झाला. लेणीचं पुण्य बुद्धभद्राने भव्विराजाला आणि आपल्या आईवडिलांना अर्पण केलं. कामावर देखरेख ठेवली ती त्याच्या शिष्यांनी, धर्मदत्त आणि भद्रबंधू यांनी. भिक्षू म्हटल्यावर आपल्यासमोर भिक्षापात्र येतं. हा भिक्षू मोठा खर्च उभा करू शकत होता आणि मंत्र्याला मित्र म्हणवत होता.

चार घरं

प्रभावतीगुप्ताचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडला. महानुभावांचं मोठं तीर्थ म्हणून हे गाव आपल्याला माहीत आहे. तोवर मुलगा प्रवरसेन राज्यावर होता, त्याचं १९वं वर्ष. राणी हे दान रामगिरीच्या स्वामींच्या पायांशी, म्हणजे रामटेकवरून देते. अश्वत्थनगर गावातलं एक शेत, एक घर आणि शेतकऱ्यांची चार घरं.

शेतकऱ्यांची चार घरं. जमिनीबरोबर त्यांचीही नोंद दानात होते.

या एका ओळीवर इतिहासकारांत बरीच वर्षं वाद चालू आहे. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली मांडलं की अशा दानांमुळे राज्याची सत्ता तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली, शेतकरी जमिनीला बांधला गेला आणि भारतात सरंजामशाही सुरू झाली. कृष्णमोहन श्रीमाळी यांनी १९८७ साली खास वाकाटक लेखांवरच पुस्तक लिहिलं आणि त्यातून शेतीव्यवस्थेचा अभ्यास केला. उलट बाजूने हरबंस मुखिया यांनी १९८१ मध्ये विचारलं की युरोपचा साचा इथे बसतो तरी का? इथला शेतकरी स्वतःच्या कष्टाचा बराचसा मालक होता असं त्यांचं म्हणणं. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांचा मुद्दा आणखी वेगळा. अशा दानांनी राज्य फुटलं नाही, उलट दूरच्या भागापर्यंत पोचलं.

मला विचाराल तर चम्मक वाचल्यावर चट्टोपाध्याय बरोबर वाटतात आणि ऋद्धपूर वाचल्यावर शर्मा. कोंडराजाच्या भागात हजार कुटुंबं वसवणं हे राज्य पसरवणं होतं. पण चार घरांतल्या माणसांना विचारून दान झालं नाही, हेही तितकंच उघड आहे. राजाच्या बाजूने पाहिलं तर व्यवस्था हुशार होती. त्या चार घरांच्या बाजूने पाहिलं तर फक्त मालक बदलला.

जमिनीचा बाजार त्या काळी नव्हताच असंही समजू नका. प्रवरसेनाच्या २३व्या वर्षातला 'इंदूर ताम्रपट' सांगतो की चंद्र नावाच्या व्यापाऱ्याने अर्धं गाव विकत घेऊन ब्राह्मणांना दिलं. पैसा व्यापाऱ्याचा, शासन राजाचं.

पुढे काय झालं

वाकाटक पाचव्या शतकाच्या अखेरीस मावळले, पण करमुक्त जमिनीची पद्धत राहिली. अग्रहार, इनाम, वतन अशी नावं बदलत गेली. विदर्भात भोसल्यांच्या आणि मग इंग्रजांच्या काळात गावाच्या वसुलीवर मालगुजार आले. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने (तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं) ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. जुन्या नागपूरकरांच्या घरात 'आमचे आजोबा मालगुजार होते' हे वाक्य अजून ऐकू येतं. ते ज्या व्यवस्थेबद्दल बोलतात तिच्या कितीतरी आधीच्या आवृत्तीचे कागद म्हणजे हे ताम्रपट.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर लांब जायची गरज नाही. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं, तेव्हा प्रभावतीगुप्ताच्या नावाची, शंख असलेली मातीची मुद्रा सापडली. म्हणजे नंदिवर्धन इथेच होतं याला आणखी बळ मिळालं. आज तिथे दिसतो तो किल्ला मात्र वाकाटकांचा नव्हे, बऱ्याच नंतरचा. रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाचं मंदिर वाकाटककाळातलं आहे. तिथल्या शिलालेखात प्रभावतीच्या मुलीने आईच्या नावे केलेल्या धर्मकार्याचा उल्लेख येतो. वाटेत मनसरच्या टेकडीवर विटांच्या बांधकामाचे मोठे अवशेष आहेत. प्रवरसेनाने वसवलेली प्रवरपूर ही राजधानी म्हणजे मनसर, असं काही अभ्यासक म्हणतात. मिराशींच्या मते ती वर्ध्याजवळच्या पवनारला होती. सकाळी लवकर निघालात तर नगरधन, मनसर आणि रामटेक एका दिवसात होतात.